ओहोटीच्या डबक्यांतले जीव जगतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर गेलं की खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं दिसतं. त्यात वाकून पाहिल्यावर जे प्रश्न पडतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषयच तेवढा खोल आहे.

ओहोटीचं डबकं नेमकं कशाला म्हणायचं?

भरतीचं पाणी मागे हटताना खडकातल्या खाचांत, भेगांत, खळग्यांत जे अडकून राहतं, ते ओहोटीचं डबकं. पुढच्या भरतीला समुद्र पुन्हा त्यावरून जातो आणि पाणी बदलतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा चढउतार कमी होतो.

याचा परिणाम असा की एकाच खडकावरच्या दोन डबक्यांचं आयुष्य अगदी वेगळं असू शकतं. पाण्याच्या काठाजवळचं डबकं समुद्रापासून तासा-दोन तासांपुरतंच तुटतं. माथ्यावरच्या डबक्याला मात्र पुढच्या उधाणापर्यंत कित्येक दिवस समुद्र भेटत नाही. तिथे पोचतात ते फक्त लाटांचे तुषार.

डबक्यात पाणी तर असतंच. मग जगायला अडचण कसली?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांना डबकं म्हणजे ओहोटीत सापडलेला सुरक्षित आसरा वाटतो. सुकण्यापासून ते वाचवतं, हे खरं. पण पाणी थोडं असल्यामुळे ते फार लवकर बदलतं आणि आत असलेल्या जिवाला त्या बदलातून बाहेर पडायला वाट नसते.

आधी तापमान घ्या. मोठा समुद्र दिवसभरात सहसा अंशभरही तापत नाही. उथळ डबकं उन्हात काही तासांत १० अंशांनी किंवा त्याहून जास्त तापू शकतं. मग भरतीची पहिली लाट येते आणि ते क्षणात पुन्हा थंड होतं. अनेक प्राण्यांना उष्णतेपेक्षा हा अचानकपणा जड जातो.

खारटपणाचंही तसंच. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी उडालं की डबक्यातलं प्रमाण वाढतं. पावसाची सर आली की एकदम उतरतं. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते वरच्या थरात तरंगतं आणि खालचं पाणी बराच वेळ खारटच राहतं. म्हणून पाऊस पडताना डबक्यातले हालचाल करू शकणारे प्राणी तळाला, दगडाखाली गेलेले दिसतात.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. दिवसा डबक्यातलं शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात प्राणवायू इतका वाढतो की शेवाळावर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. त्याच वेळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि पाणी जास्त अल्कधर्मी होतं. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, भर दुपारी शेवाळाने भरलेल्या डबक्यात तो ९ च्याही पुढे जाऊ शकतो. रात्री सगळं उलटं होतं. शेवाळ आता प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. प्राणीही वापरत असतात. पहाटेच्या ओहोटीला त्या पाण्यात प्राणवायू जवळपास उरलेला नसतो आणि पीएचही घसरलेला असतो.

थोडक्यात, खोल समुद्रातल्या प्राण्याला आयुष्यभरात जेवढा बदल सोसावा लागत नाही, तेवढा डबक्यातला प्राणी एका दिवसात सोसतो.

म्हणजे रात्रीची ओहोटी दिवसाच्या ओहोटीपेक्षा वाईट?

प्राणवायूच्या बाबतीत हो. त्यावरचे उपाय रात्री विजेरी घेऊन पाहिले तर डोळ्यांना दिसतात. युरोपच्या किनाऱ्यावरची एक डबक्यातली कोळंबी पाण्यातला प्राणवायू संपत आला की काठाशी येते आणि अंगाचा काही भाग पाण्याबाहेर काढते. कल्ले ओलेच राहतात आणि हवेतला प्राणवायू मिळतो. किनाऱ्यावरचे काही खेकडे पुढचा भाग पाण्यावर उचलून कल्ल्यांमधल्या पाण्यात हवेचे बुडबुडे ओढून घेतात. काही मासे पृष्ठभागाला तोंड लावून हवेला भिडलेल्या पातळ थरातलं पाणी घेतात, कारण प्राणवायू त्यातच उरलेला असतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर ते सरळ डबक्याबाहेर येऊन ओल्या दगडावर बसतात. पाण्याबाहेर येणारा मासा पाहून लोकांना तो अडकलाय असं वाटतं आणि ते त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. कृपा करून तसं करू नका. तो श्वास घ्यायला आलेला असतो.

उघड्या खडकावर चिकटलेले शिंपले आणि बार्नॅकल उन्हात सुकून का जात नाहीत?

कारण ते स्वतःला बंद करून घेतात आणि आत थोडंसं समुद्राचं पाणी धरून ठेवतात. बार्नॅकल हा खडकाला कायमचा चिकटून राहणारा छोटा कवचधारी प्राणी. त्याच्या चुनखडीच्या भिंतीला वर झाकणासारख्या पट्ट्या असतात, त्या तो ओढून घेतो. शिणाणे, म्हणजे मसल शिंपले, दोन्ही शिंपा घट्ट मिटतात. किनाऱ्यावरच्या छोट्या गोगलगायी शंखात शिरून तोंडावर खवल्यासारखं दार लावतात.

पण माझ्या मते डबक्यांचं आणि एकूणच ओहोटीच्या पट्ट्याचं खरं मर्म या बंद होण्यात नाही, त्याच्या किमतीत आहे. बंद झालेला शिंपला खाऊ शकत नाही, कारण त्याचं अन्न पाण्यातून गाळून मिळतं. त्याला नीट श्वास घेता येत नाही. शरीरातली घाण बाहेर टाकता येत नाही. उघडं राहावं तर अंगातलं पाणी जातं, बंद राहावं तर उपासमार होते. किनाऱ्यावरचा प्रत्येक प्राणी या दोन टोकांमध्ये आपापली जागा शोधतो.

मसल शिंपला काय करतो पाहा. शिंपा मिटल्यावर त्याचे हृदयाचे ठोके मंदावतात. प्राणवायू संपला की तो प्राणवायूविना ऊर्जा मिळवण्याच्या मार्गाकडे वळतो. जोरात धावल्यावर आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं, इथे मात्र मुख्यतः सक्सिनेटसारखे पदार्थ तयार होतात, जे दीर्घकाळ साठले तरी शिंपला सोसू शकतो. शरीराचा एकूण खर्च नेहमीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली उतरतो. काही जातींचे शिंपले मधूनमधून शिंपा किंचित उघडून हवा आत घेतात, म्हणजे थोडं पाणी गमावून थोडा प्राणवायू विकत घेतात. बार्नॅकलही झाकणाच्या पट्ट्यांमध्ये अगदी बारीक फट ठेवतो, त्याच हेतूने.

गोगलगायींची तऱ्हा आणखी वेगळी. वरच्या पट्ट्यातल्या काही जाती तापलेल्या खडकावर पाऊल टेकूनच ठेवत नाहीत. शंखाची कड चिकट स्रावाच्या पातळ थराने खडकाला चिकटवायची, स्राव वाळू द्यायचा आणि अंग पूर्ण आत ओढून दार लावायचं. खडकाशी संबंध उरतो तो त्या वाळलेल्या पापुद्र्यापुरता, त्यामुळे खडकाची उष्णता अंगापर्यंत कमी पोचते. उष्ण कटिबंधातल्या काही जाती ५० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमानही थोडा वेळ सहन करतात.

लिम्पेट खडकावर एकाच जागी चिकटून का असतो? तो हलतच नाही का?

हलतो, पण आपण पाहायला जातो तेव्हा नाही. लिम्पेट हा टोपीसारख्या कवचाचा समुद्री गोगलगायीचा प्रकार. पाणी चढलेलं असताना किंवा रात्रीच्या ओलाव्यात तो खडकावरचं शेवाळ खरवडत फिरतो आणि परत नेमका आपल्याच जागी येऊन बसतो. जाताना सोडलेल्या चिकट स्रावाची वाट त्याला परतताना उपयोगी पडते. अनेक जातींमध्ये कवचाची कड आणि खडक एकमेकांना बरोबर जुळलेले असतात. खडक मऊ असेल तर कवच त्याला झिजवतं, खडक कठीण असेल तर कवचच झिजून त्याच्या आकाराचं होतं. दुसऱ्या जागी बसला तर फट राहील आणि फटीतून पाणी उडून जाईल. म्हणूनच लिम्पेटला गंमत म्हणून उपटणं वाईट. जवळच ठेवलात तरी त्याची जुळलेली जागा त्याला परत मिळेलच असं नाही.

त्याच्या दातांबद्दलही सांगायला हवं. खरवडण्यासाठी त्याच्या जिभेवर दातांच्या ओळी असतात आणि त्यांत गोएथाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म तंतू असतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दात ताणून पाहिले, तेव्हा तोपर्यंत मोजलेल्या जैविक पदार्थांत ते सर्वांत बळकट ठरले. कोळ्याच्या रेशमाहूनही.

मऊ अंगाचं समुद्रफूल काय करतं? त्याला तर कवचच नाही.

ते शुंडके आत ओढून घेतं आणि जेलीच्या गोळ्यासारखं होतं. पोटाच्या पोकळीत पाणी धरलेलं असतं, अंगावर स्रावाचा थर असतो आणि गोळा झाल्यामुळे उघडा पृष्ठभाग कमी होतो. काही जाती अंगावर शिंपल्यांचे तुकडे आणि वाळूचे कण चिकटवून घेतात. त्यांनी ऊन परतवलं जातं आणि ओलावा टिकतो.

समुद्रफुलं शांत दिसतात, पण जागेसाठी ती भांडतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जात स्वतःचे दोन भाग करून वाढते, त्यामुळे खडकाचा एखादा पट्टा एकाच मूळ प्राण्याच्या जुळ्यांनी भरून जातो. शेजारी दुसऱ्या वंशाची वसाहत असली की काठावरची समुद्रफुलं खास दंशपेशींनी भरलेले फुगवटे उगारून शेजाऱ्यांना डसतात. दोन वसाहतींमध्ये रिकाम्या खडकाची एक पट्टी राहते. ती दिसली की समजावं, इथे सीमा आहे.

लाटा एवढ्या आपटतात, तरी हे सगळे वाहून कसे जात नाहीत?

फुटणाऱ्या लाटेत पाण्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर जाऊ शकतो, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आकडा छोटा वाटेल, पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, हे लक्षात घेतलं की त्या धक्क्याचा अंदाज येतो.

उपाय तीन प्रकारचे. पहिला म्हणजे घट्ट चिकटणं. मसल शिंपला पायाच्या खोबणीत प्रथिनांचे धागे ओततो आणि त्यांची टोकं खडकाला चिकटवतो. ओल्या, खाऱ्या, शेवाळलेल्या पृष्ठभागावर चिकटणारा हा गोंद माणसाला अजून तंतोतंत जमलेला नाही. शस्त्रक्रियेत वापरता येईल असा गोंद बनवण्यासाठी त्याचा अभ्यास चालतो. बार्नॅकलचं सिमेंट पाण्याखालीच घट्ट होतं आणि प्राणी मेल्यावरही त्याचं तळकट खडकावर राहतं. तारामासा आणि सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) यांना शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, असतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकट स्राव. एक सोडायचा, दुसरा रोवायचा, असं करत ते लाटेतही चालतात.

दुसरा उपाय आकाराचा. लिम्पेट आणि कायटन (पाठीवर पट्ट्यांचं कवच असलेला, खडकाला चिकटणारा प्राणी) बसके असतात. तिसरा उपाय न अडवण्याचा. समुद्री शेवाळाची पाती लाटेसोबत लवतात, एकमेकांना चिकटून लहान होतात आणि पाणी वरून निघून जातं. खाली त्यांची पकड मात्र खडकात पक्की असते.

खारटपणा बदलला की पेशी फुटत किंवा आक्रसत का नाहीत?

बहुतेक समुद्री अपृष्ठवंशीय प्राण्यांचं रक्त बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं. बाहेरचं पाणी गोडं झालं तर पाणी पेशींत शिरायला लागतं आणि पेशी फुगतात. यावर त्यांच्याकडे एक सुंदर तोड आहे. पेशींत मोकळी अमिनो आम्लं साठवलेली असतात. बाहेर क्षार वाढले की त्यांचं प्रमाण वाढवायचं, कमी झाले की कमी करायचं. क्षारांशी खेळलं तर पेशीतली विकरं बिघडतात, अमिनो आम्लांनी तसं होत नाही. पण या समायोजनाला वेळ लागतो. म्हणून पावसाची सर आली की शिंपला आधी शिंपा मिटतो आणि आत हळूहळू जुळवून घेतो.

खेकड्यांपैकी काहींना कल्ल्यांमधून क्षार आत ओढून रक्त बाहेरपेक्षा खारट ठेवता येतं. सर्वांत चिवट मात्र आहेत उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, तुषारांनी भरणाऱ्या डबक्यांतले टायग्रिओपस नावाचे केशरी कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले अगदी बारीक जीव. मिलिमीटरभर लांबीचा हा प्राणी पावसाने निवळलेल्या पाण्यातही जगतो आणि समुद्राच्या कितीतरी पट खारट झालेल्या पाण्यातही. अति खारट झालं की तो निपचित पडतो, पाणी सुधारलं की पुन्हा पोहू लागतो. खालच्या पट्ट्यात तो क्वचितच दिसतो, कारण तिथे त्याला खाणारे मासे आहेत. वरचं डबकं जगायला अवघड आहे, आणि तेच त्याचं संरक्षण आहे.

मग वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत वेगवेगळे प्राणी असण्याचं कारण हेच का?

हो, आणि हे दाखवणारा प्रयोग किनाऱ्याच्या अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा आहे. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर बार्नॅकलच्या दोन जातींवर काम करून १९६१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. छोटी जात वर राहायची, मोठी खाली. छोट्या जातीला खाली ठेवून आसपासचे मोठे बार्नॅकल काढून टाकले, तर ती खालीही छान वाढली. म्हणजे वरची जागा आवडते म्हणून ती वर राहत होती, असं नव्हतं. खाली मोठी जात वेगाने वाढून तिला झाकून टाकायची, खालून उपटून काढायची. मोठ्या जातीला वर जाणं मात्र जमत नव्हतं, ती सुकून मरायची. वरची हद्द बहुधा ऊन-वारा ठरवतो, खालची हद्द शेजारी आणि शिकारी. प्रत्येक किनाऱ्यावर हा नियम काटेकोर लागू पडत नाही, पण डबकं समजून घ्यायला सुरुवात इथून करावी.

तारामासा खाली राहून नेमकं काय करतो?

शिंपले खातो. नलिकापादांनी शिंपा किंचित उघडतो, स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून फटीत सोडतो आणि शिंपल्याला त्याच्याच घरात पचवतो.

त्याच्या या भुकेवर किती काही अवलंबून असतं, हे रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या मुक्कॉ उपसागरात दाखवलं. त्यांनी १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे सतत काढून टाकले. मोकळीक मिळालेले मसल शिंपले पसरत गेले, बाकीच्यांना जागा उरली नाही आणि १५ जातींच्या समूहात ८ उरल्या. १९६६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९६९ मध्ये पेन यांनी अशा प्राण्यांसाठी ‘कीस्टोन’ प्रजाती ही संकल्पना मांडली. आज ती जंगलांपासून नद्यांपर्यंत सगळीकडे वापरली जाते. तिचा जन्म ओहोटीच्या खडकावरचा.

उन्हावरही या जातीच्या तारामाशाकडे उपाय आहे. एका ओहोटीला फार तापावं लागलं तर पुढच्या भरतीत तो अंगात जास्त थंड पाणी भरून घेतो, म्हणजे त्यानंतरच्या ओहोटीला तापायला वेळ लागेल. २०१३ पासून मात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांमध्ये अंग विरघळत जाण्याचा रोग पसरला आणि अनेक जातींची संख्या कोसळली. पेन यांनी माणसाच्या हाताने जे केलं, ते आता रोगामुळे फार मोठ्या पट्ट्यात घडताना दिसतंय.

डबक्यातले मासे अडकलेले असतात की मुद्दाम राहतात?

दोन्ही असतात. काही मासे आणि पिल्लं चुकून मागे राहतात. पण गोबी, ब्लेनी, स्कल्पिन यांसारख्या माशांच्या अनेक जातींचं ते घरच आहे. अंग लहान, बरेचदा खवले नसलेलं किंवा बुळबुळीत, रंग खडकाशी मिळता, हवेची पिशवी लहान किंवा नाहीच, म्हणजे तळाशी बसून राहायला सोपं. गोबींचे पोटाखालचे पर जुळून चोषकासारखे झालेले असतात, त्यामुळे लाटेतही ते खडकाला धरून राहतात. काही स्कल्पिन दुसरीकडे नेऊन सोडले तरी आपल्या डबक्यात परत येतात.

फ्रिलफिन गोबीची हकीकत तर विलक्षण आहे. धोका जाणवला की हा मासा ओहोटीत एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात उडी मारतो. मधला खडक कोरडा आणि पुढचं डबकं तर त्याला दिसतही नाही. लेस्टर ॲरन्सन यांनी १९५१ मध्ये आणि पुढे १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून उलगडलं की भरती असताना, सगळे खळगे पाण्याखाली असताना, हा मासा त्यांच्यावरून पोहतो आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवतो. एका भरतीचा अनुभवही त्याला पुरतो आणि ती आठवण कित्येक आठवडे टिकते.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा एक ऑक्टोपस तर उघड्या खडकावरून सरपटत या डबक्यातून त्या डबक्यात शिकारीला जातो.

भरती येणार हे प्राण्यांना आधी कसं कळतं?

पाण्याचा स्पर्श, दाब, लाटांचा धक्का यांवरून कळतंच. पण अनेकांच्या शरीरात भरतीचं घड्याळही असतं. किनाऱ्यावरचे खेकडे प्रयोगशाळेत स्थिर उजेडात, स्थिर पाण्यात ठेवले, तरी काही दिवस साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, बाहेर भरती असेल त्या वेळी, हालचाल करू लागतात. बंद राहण्याची किंमत मोठी असेल, तर उघडण्याच्या तयारीत आधीपासून असणं फायद्याचंच.

एकाच जागी चिकटलेले प्राणी पिल्लं कशी घालतात?

बहुतेक शिंपले, सी अर्चिन, तारामासे अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतात. एकाने सुरुवात केली की पाण्यातल्या रसायनांमुळे आसपासचेही सोडतात. बार्नॅकल तसं करत नाहीत. त्यांच्यात एकाच अंगात नर-मादी दोन्ही असतात, पण बहुतेकदा ते शेजाऱ्याशी संयोग करतात. त्यासाठी शरीराच्या तुलनेत प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब जननेंद्रिय त्यांच्याकडे आहे, काही जातींत शरीराच्या ८ पट. म्हणून बार्नॅकलला एकटं बसणं परवडत नाही.

त्याची अळी काही आठवडे समुद्रात तरंगते. शेवटच्या टप्प्यात ती काही खात नाही, फक्त जागा शोधते. स्पर्शिकांनी खडकावर चालत, मोठ्या बार्नॅकलनी सोडलेल्या प्रथिनांचा मागोवा घेत ती जागा पारखते आणि मग डोकं खाली करून कायमची चिकटते. त्यापुढचं आयुष्य पाय वर करून पायांनीच अन्न पकडण्याचं. जागेची निवड एकदाच. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी ८ वर्षं बार्नॅकलना दिली, ती उगाच नव्हे.

डबक्यातले बरेच मासे दुसरा मार्ग घेतात. मादी भेगेत अंडी चिकटवते आणि नर त्यांची राखण करतो, परांनी पाणी ढवळत राहतो.

शेवाळाला ऊन लागत नाही का?

लागतं. वरच्या पट्ट्यातलं काही शेवाळ ओहोटीत अंगातलं ९० टक्क्यांपर्यंत पाणी गमावतं, हातात घेतलं तर कागदासारखं कडकडीत लागतं. पाणी आलं की पुन्हा मऊ होतं आणि थोड्या वेळात प्रकाशसंश्लेषण सुरू करतं. खालच्या पट्ट्यातल्या शेवाळाला हे जमत नाही. डबक्यांच्या तळाशी गुलाबी रंगाचा कठीण लेप दिसतो, तो दगडाचा रंग नसून चुना साठवणारं जिवंत शेवाळ असतं.

समुद्र तापतोय. एवढ्या चिवट प्राण्यांना त्याचं काय?

लोकांना वाटतं, हे तर आधीच सवयीचे आहेत, तेच टिकतील. अनेक जातींबाबत उलट दिसतं. पेशी तापल्या की प्रथिनांच्या घड्या विस्कटतात आणि ‘हीट शॉक प्रथिनं’ त्या पुन्हा नीट करतात. या दुरुस्तीला भरपूर ऊर्जा लागते. पोर्सेलीन खेकड्यांच्या अभ्यासात दिसलं की वरच्या पट्ट्यातल्या जाती खालच्यांपेक्षा जास्त उष्णता सोसतात खऱ्या, पण त्या आपल्या सहनशक्तीच्या कडेलाच जगत असतात. आणखी वाढवायला त्यांच्याकडे फारसं उरलेलं नाही.

२०२१ च्या जून महिन्याच्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर विक्रमी उष्णतेची लाट आली आणि तेव्हाच मोठी ओहोटी भर दिवसा होती. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हार्ले यांच्या अंदाजानुसार त्या काही दिवसांत किनाऱ्यावरचे एक अब्जाहून जास्त प्राणी मेले. मसल शिंपले मिटलेल्या जागीच शिजले. बंद होण्याचा उपाय काही तासांसाठी घडलेला आहे. तो तेवढ्याच तापमानापर्यंत चालतो.

डबक्यात हात घातला तर धोका आहे का?

काही ठिकाणी गंभीर धोका आहे. ऑस्ट्रेलियापासून जपानपर्यंतच्या पट्ट्यात निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस डबक्यांत सापडतो. त्याच्या चाव्यातल्या टेट्रोडोटॉक्सिनवर उतारा नाही. उष्ण समुद्रांतल्या कोन शंखांच्या काही जातींचा दंशही जीव घेऊ शकतो. म्हणून सुंदर शंख दिसला तरी जिवंत असताना उचलू नका. सी अर्चिनचे काटे आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश यांपासूनही जपावं. पायात घट्ट बूट असावेत, अनवाणी जाऊ नये.

खरा धोका मात्र बहुतेकदा समुद्राचाच असतो. ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की परत निघा. समुद्राकडे पाठ करू नका.

प्राण्यांना त्रास न देता पाहायचं कसं?

आधी पाच मिनिटं स्वस्थ बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. लपलेले प्राणी मग आपोआप बाहेर येतात. दगड उलटून पाहिलाच तर हळूच होता तसा परत ठेवा, कारण खालच्या बाजूचे प्राणी उन्हात काही मिनिटांत मरतात आणि वरचं शेवाळ अंधारात कुजतं. चालताना उघड्या खडकावर पाय द्या, शिंपल्यांच्या गादीवर नको. रिकामे शंखही तिथेच राहू द्या. शंखी खेकड्याचं पोट मऊ असतं आणि वाढत जाताना त्याला मोठा शंख लागतो. एक मोठा रिकामा शंख मिळाला की एक खेकडा त्यात जातो, त्याचा सोडलेला शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. आपण खिशात टाकलेल्या एका शंखाने अशी अख्खी साखळी अडते.

डबक्यातला एखादा प्राणी घरी काचेच्या टाकीत ठेवता येईल का?

नको. अनेक ठिकाणी ते बेकायदाही आहे. हे प्राणी बदल सोसतात, म्हणजे त्यांना काहीही चालतं असं नाही. ते ठरावीक तासांचा ताण सोसतात, कारण त्यानंतर ताजं, थंड, प्राणवायूने भरलेलं आणि अन्न घेऊन येणारं समुद्राचं पाणी येणारच असतं. टाकीत ते पाणी येत नाही. मसल शिंपला आणि बार्नॅकल यांना लागणारे सूक्ष्म प्लवक घरच्या टाकीत पुरेसे नसतात, लिम्पेटला खरवडायला जिवंत शेवाळाचा थर लागतो, आणि एक मेलेला शिंपला छोट्या टाकीतलं सगळं पाणी नासवायला पुरतो.